पहिल्यांदाच हिऱ्याची अंगठी घेताय? दुकानात शिरायच्या आधी हे वाचून घ्या

ठाण्यात नौपाड्यातल्या एका सराफी पेढीत मी नऊ वर्षं काउंटरला होते. आता ऐरोलीला घरीच असते, पण नात्यात कोणाचा साखरपुडा ठरला की पहिला फोन मलाच येतो. यावेळी भाच्याचा आला, "मावशी, अंगठी घ्यायचीय, डायमंडची, तू चल ना सोबत, मला यातलं काहीच कळत नाही." गेले त्याच्यासोबत, आणि त्या दिवशी गोखले रोड, राम मारुती रोड पालथा घालताना त्याला जे जे सांगितलं ते इथे लिहून काढतेय. कारण नऊ वर्षं मी हेच बघितलंय की सोनं घेताना आपली माणसं एकदम पक्की असतात, आजचा भाव विचारतात, काट्यावर नजर ठेवतात, घट किती लावली ते विचारतात, आणि तीच माणसं हिरा समोर आला की गप्प होतात, सेल्समन बोलेल ते खरं.

गप्प व्हायचं काही कारण नाहीये. एक गोष्ट डोक्यात बसली की बाकीचं हळूहळू लागतं. हिऱ्याचा सगळा खेळ उजेडाचा आहे. वरून आत गेलेला उजेड आतल्या पैलूंवर आपटून परत वर तुमच्या डोळ्यात यायला हवा. घेताना हेच बघायचं आणि घेतल्यावर घरी हेच सांभाळायचं.

घरातून निघण्याआधी

घरच्या मोठ्यांना आधी विचारा. हिरा हे शुक्राचं रत्न, ते सगळ्यांना लाभत नाही, असं मानणारी घरं आपल्याकडे भरपूर आहेत. साखरपुड्याच्या आठवड्याभरात परत आलेल्या अंगठ्या मी स्वतः काउंटरवर घेतल्यात, कारण मुलीच्या आजीने नंतर पत्रिका काढली. तुमचा विश्वास असो नसो, रोज बोटात राहणारी वस्तू आहे, त्यावरून घरात कुरबुर नको.

दुसरं, बोटाचं माप संध्याकाळी घ्यायचं. सकाळी बोट बारीक असतं, दिवसभर उन्हातून, लोकलमधून आल्यावर फुगतं, आपल्याकडच्या दमट हवेत मे आणि ऑक्टोबरमध्ये तर फारच. दोऱ्याने बोटाचा घेर मोजला तर मिलिमीटरमधून ४० वजा करा, साधारण आपल्याकडचा अंगठीचा नंबर मिळतो, म्हणजे ५४ मिमी घेर असेल तर १४ नंबर. सांधा जाड असेल तर तो पण मोजा, नाहीतर अंगठी चढायचीच नाही. सरप्राइज द्यायचं असेल तर तिची त्याच बोटातली एखादी अंगठी तासभर कोणाकडून तरी मिळवा आणि दुकानात मापाच्या दांडीवर चढवून बघा. आणि ज्या अंगठीला गोलाकार सगळीकडून हिरे असतात ती नंतर लहान-मोठी करणं जवळजवळ अशक्य असतं, म्हणून माप नक्की माहीत नसेल तर तसलं डिझाइन नकोच.

कॅरेट, कलर, क्लॅरिटी, आणि खरं महत्त्वाचं म्हणजे कट

कॅरेट या एका शब्दाने सगळ्यात जास्त गोंधळ होतो. सोन्याचं कॅरेट म्हणजे शुद्धता, २२ कॅरेट, १८ कॅरेट वगैरे. हिऱ्याचं कॅरेट म्हणजे वजन. १ कॅरेट म्हणजे २०० मिलिग्रॅम, आणि त्याचे १०० सेंट. दुकानात "तीस सेंटचा आहे" म्हणतात तेव्हा तो ०.३० कॅरेट, वजनाला फक्त ६० मिलिग्रॅम. गोल हिरा नीट पैलू पाडलेला असेल तर १ कॅरेटचा व्यास साधारण साडेसहा मिमी येतो आणि ५० सेंटचा साधारण ५.१, म्हणजे वजन निम्मं झालं तरी दिसायला निम्मा होत नाही. भाच्याला हे कळल्यावर त्याचा चेहराच खुलला, कारण बजेट ५० सेंटच्याही खालचं होतं. अजून एक, ५० सेंट, १ कॅरेट अशा गोल आकड्यांना प्रति कॅरेट भाव एकदम उडी मारतो, म्हणून ४६-४७ सेंटचा मिळाला तर तो घ्या, बोटात कोणालाही फरक दिसणार नाही.

आणि "टोटल अर्धा कॅरेट" असं कोणी म्हणालं तर लगेच विचारा, एक खडा की दहा? पाच-पाच सेंटचे दहा खडे मिळूनही अर्धा कॅरेटच होतो, पण अर्ध्या कॅरेटचा एक खडा, म्हणजे सॉलिटेअर, त्यापेक्षा कितीतरी महाग असतो. चांगली दुकानं हे स्वतःहून सांगतात, पण तरी विचारा.

कलर म्हणजे हिरा किती पांढरा. अमेरिकेतली जीआयए ही १९३१ पासूनची संस्था, तिची डी पासून झेड पर्यंतची पट्टी सगळीकडे चालते. डी, ई, एफ एकदम पांढरे, जी ते जे जवळजवळ पांढरे, पुढे पिवळट झाक वाढत जाते. पिवळ्या सोन्यात बसवणार असाल तर एच, आय सुद्धा छान दिसतो, सोन्याच्या पिवळेपणात ती झाक हरवून जाते. व्हाइट गोल्ड किंवा प्लॅटिनम असेल तर जी-एचच्या खाली उतरू नका. क्लॅरिटी म्हणजे आतले डाग, रेषा, ढगाळपणा, ते दहापट भिंगाखाली बघून ठरवतात. व्हीव्हीएस, व्हीएस, एसआय असे वरून खाली उतरत जाणारे दर्जे असतात. माझं स्पष्ट मत, साखरपुड्याच्या अंगठीला व्हीव्हीएससाठी जास्तीचे पैसे घालू नका, व्हीएस भरपूर झालं, आणि एसआयमध्येही नुसत्या डोळ्याला काही दिसत नसेल तर चालेल. फक्त मधोमध काळा ठिपका असलेला घेऊ नका, तो दिसतो आणि घरात कोणीतरी अशुभ म्हणणारच.

वाचलेले पैसे कटवर लावा. कट म्हणजे गोल-चौकोनी आकार नाही, पैलू किती बरोबर कोनात पाडलेत ते. गोल हिऱ्याला ५७ किंवा ५८ पैलू असतात, आणि खालची बाजू जास्त खोल किंवा जास्त उथळ झाली तर उजेड परत वर न येता खालून, बाजूने निसटतो. मग तुम्ही डी कलर घ्या नाहीतर काहीही घ्या, खडा मेल्यासारखा दिसतो. खोल हिऱ्यात अजून एक नुकसान असतं, वजन सगळं पोटात जातं, पैसे पूर्ण कॅरेटचे आणि वरून दिसायला लहान. हिऱ्यासोबत लॅबचा तपासणीचा रिपोर्ट येतो, त्यावर कट एक्सलंट किंवा व्हेरी गुड लिहिलेलं बघा.

आणि कागदावर थांबू नका, स्वतःच्या डोळ्यांनी बघा. काउंटरवर जे छोटे छोटे दिवे असतात ना, त्याखाली काचसुद्धा चमकते, दिवे त्यासाठीच लावलेले असतात. तिथून उठायचं, अंगठी घेऊन दाराशी, रस्त्याच्या उजेडात यायचं, कोणी नाही म्हणत नाही, फार तर वॉचमन सोबत उभा राहील. मग तीच अंगठी हाताच्या सावलीत धरायची आणि हळू हळू डोलवायची. चांगला खडा सावलीतही जिवंत राहतो, काळं-पांढरं लुकलुकणं पूर्ण गोलात फिरत राहतं. वाईट खड्यात मधोमध एक राखाडी गोल दिसतो किंवा मधला भाग काळा पडून तसाच बसतो. आम्ही त्या दिवशी शेजारी शेजारी दोन अंगठ्या धरल्या होत्या, एक ४० सेंटची, एक ३४ सेंटची, आणि सोबत आलेल्या होणाऱ्या सुनेने, म्हणजे भाच्याच्या होणाऱ्या बायकोने, काही न सांगता ३४ वर बोट ठेवलं, "मावशी, ही जास्त बोलते." कागद उघडला तर तिचाच कट वरचा होता.

लॅबचा हिरा, मोइसनाइट आणि अमेरिकन डायमंड

हे तीन वेगवेगळे आहेत, एकात मिसळू नका. अमेरिकन डायमंड हा हिरा नाहीच, क्युबिक झिर्कोनिया आहे, रोज वापरला तर वर्ष-दोन वर्षांत ओरखडे पडून धुरकट होतो. मोइसनाइट पण हिरा नाही, सिलिकॉन कार्बाइड आहे, कडकपणात हिऱ्याच्या खालोखाल, चमक जास्त रंगीत, आणि साधं पेनसारखं टेस्टर त्याच्यावरही हिरा म्हणून पीप वाजवू शकतं, म्हणून नुसत्या त्या पीपवर विश्वास ठेवू नका.

लॅबमधला हिरा मात्र खरा हिराच, तोच कार्बन, तोच कडकपणा, फक्त जमिनीखालून न येता सीव्हीडी किंवा एचपीएचटी पद्धतीने यंत्रात वाढवलेला. भिंगातून बघून मी काय कोणीच सांगू शकत नाही, त्यासाठी लॅबची मशीन लागते. जून २०२३ मध्ये पंतप्रधान मोदींनी अमेरिकेच्या तेव्हाच्या राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी जिल बायडन यांना साडेसात कॅरेटचा दिला होता तो असाच लॅबचा होता, तेव्हापासून दुकानात विचारणा खूप वाढली. नैसर्गिक हिऱ्याच्या मानाने बराच स्वस्त पडतो. घ्यायला काहीच हरकत नाही, पण दोन गोष्टी बघा, एक म्हणजे रिपोर्टवर आणि बिलावर दोन्हीकडे 'लॅब ग्रोन' स्पष्ट लिहिलेलं हवं, दुसरं म्हणजे परत विकताना फारसं काही मिळेल ही आशा ठेवू नका. खरं तर नैसर्गिक हिऱ्यालाही हे थोडंफार लागू आहे. सोनं मोडायला नेलं की त्या दिवसाच्या भावाने पैसे येतात, हिऱ्याला असा रोजचा भाव नसतो, जिथून घेतला ते दुकान जे ठरवेल ते. म्हणून बायबॅक आणि एक्सचेंजची अट बिलावर लिहून घ्या, तोंडी नाही.

बिल आणि कागद, इथे घाई करू नका

हॉलमार्क बघितला म्हणजे हिरा पण तपासला असं कित्येक जण धरून चालतात. हॉलमार्क फक्त सोन्याचा, हिऱ्याबद्दल तो एक शब्द बोलत नाही. हिऱ्याच्या अंगठ्या बहुतेक १८ किंवा १४ कॅरेटमध्ये असतात, कारण २२ कॅरेट मऊ पडतं आणि खडा धरणारी नखं वाकतात. आतल्या बाजूला बीआयएस या सरकारी मानक संस्थेचं चिन्ह, ७५० (१८ कॅरेट) किंवा ५८५ (१४ कॅरेट) हा शुद्धतेचा आकडा आणि सहा अक्षर-आकड्यांचा एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा स्वतःचा ओळख नंबर असतो. १ एप्रिल २०२३ पासून एचयूआयडीशिवाय हॉलमार्कचा दागिना विकता येत नाही. नंबर इतका बारीक असतो की भिंग मागावंच लागतं, लाजू नका, प्रत्येक पेढीत असतं. तो नंबर फोनवर बीआयएस केअर ॲपमध्ये टाकला की दागिना कसला, शुद्धता किती, कुठे हॉलमार्क झाला हे दिसतं. दुकानात उभं राहूनच टाका. २ ग्रॅमच्या आतल्या दागिन्याला सक्ती नाही, त्यामुळे चमकी किंवा एकदम नाजूक अंगठीवर नसला तर घाबरू नका.

हिऱ्यासाठी वेगळा रिपोर्ट, आयजीआय किंवा जीआयए या हिरे तपासणाऱ्या संस्थांचा. त्याचा नंबर बहुतेक वेळा हिऱ्याच्या कडेवर लेझरने कोरलेला असतो, तो भिंगातून बघून कागदाशी जुळवा, आणि संस्थेच्या वेबसाइटवरही टाकून बघा. हे केलं नाही तर रिपोर्ट एका खड्याचा आणि अंगठीत दुसराच खडा, असं व्हायला जागा राहते.

आता बिल. भाच्याला एका दुकानात, नाव घेत नाही, एस्टिमेट दिलं त्यात अंगठीचं पूर्ण वजन ३.५६० ग्रॅम आणि तेवढ्याच वजनाला सोन्याचा भाव लावलेला. खाली हिरा ३० सेंट, त्याचे पैसे वेगळे. ३० सेंट म्हणजे ०.०६० ग्रॅम, ते वजा करून सोनं ३.५०० ग्रॅमच. म्हणजे त्या ६० मिलिग्रॅमचे पैसे एकदा हिरा म्हणून आणि एकदा सोनं म्हणून घेतले. विचारल्यावर लगेच दुरुस्त करून दिलं, पण विचारलं म्हणून. खडे जास्त असतील, दीड-दोन कॅरेटचे, तर हा फरक चांगलाच होतो. बिलावर ग्रॉस वजन, नेट सोनं, हिऱ्यांची संख्या आणि कॅरेट, कलर-क्लॅरिटी, घडणावळ आणि ३ टक्के जीएसटी, सगळं वेगवेगळं मांडलेलं पाहिजे. घडणावळ टक्क्यात आहे की ग्रॅमवर ते पण विचारा. टक्क्यात असली की सोनं महागलं की घडणावळही वाढते, काम तेच, कारागीर तोच. इथेच घासाघीस करायची, साधारण इथेच कमी होतं.

नखं

खड्याबद्दल सगळे तासभर बोलतात आणि त्याला धरून ठेवणाऱ्या नखांकडे कोणी बघत नाही. चार नखांत खडा मोठा आणि मोकळा दिसतो, पण एक नख गेलं तर खडा गेलाच समजा. सहा नखं रोजच्या वापराला बरी. हाताने कष्टाचं काम जास्त असेल, नर्स असाल, लहान बाळ असेल, तर कोंदण घ्या, म्हणजे सोन्याची पूर्ण कड खड्याभोवती, त्यात कपडा अडकत नाही, बाळाला ओरखडा जात नाही. आणि हिरा सगळ्यात कडक आहे म्हणून तो फुटत नाही हे चूक आहे. कडक म्हणजे ओरखडा पडत नाही, पण कडेला फटका बसला तर टवका उडतो.

दर महिन्याला अंगठी कानाजवळ धरून बोटाने हलकी टिचकी मारा, टिक टिक ऐकू आलं तर खडा हललाय. ओढणीला, पदराला अडकायला लागली तर नख वर उचललं गेलंय. माझी स्वतःची अंगठी दोन आठवडे पदराला अडकत होती, मी दर वेळी सोडवून घ्यायचे आणि पुढे जायचे, लग्नसराईत पेढीवर दुसऱ्यांचं सगळं तपासत होते आणि स्वतःच्या हाताकडे बघायला वेळ नव्हता. एका सकाळी कणीक मळून हात धुतला आणि बघते तर १० सेंटचा एक खडा जागेवर नाही. आईने दिलेली होती ती अंगठी. अजूनही ती रिकामी जागा आठवली की पोटात तुटतं. सहा महिन्यांतून एकदा सराफाकडे नखं तपासून घ्या, बहुतेक जण पैसेही घेत नाहीत.

घरी साफ कशी करायची

साखरपुड्यानंतर सात महिन्यांनी होणारी सून घरी आली, अंगठी काढून माझ्या हातात दिली, "मावशी, तुम्ही म्हणालेलात चांगला आहे, पण आता चमकतच नाही हो. खराब निघाला का?" खराब काही निघालं नव्हतं. हिऱ्याला तेलाची भयंकर ओढ असते, पाण्यापेक्षा तूप-तेल-क्रीम त्याला पटकन चिकटतं, खाणींमध्ये तर याच गुणाचा वापर करून ग्रीस लावलेल्या पट्ट्यावर हिरे वेगळे काढायचे. तिची अंगठी उलटी करून खिडकीशी धरली तर खड्याच्या पाठीला करड्या रंगाचा थर, हँड क्रीम, कणीक, साबण सगळं बसलेलं. उजेड आत जाणार कसा आणि परत येणार कसा?

स्टीलच्या वाटीत कोमट पाणी घेतलं, भांडी घासायच्या लिक्विडचे दोन-तीन थेंब टाकले, अंगठी वीस मिनिटं बुडवून ठेवली. मग लहान मुलांचा मऊ ब्रश घेऊन पाठीमागून, नखांच्या मधून, हलक्या हाताने घासलं, वरून घासून काही होत नाही, घाण सगळी खालीच असते. पाण्यावर तेलकट तवंग आला. दुसऱ्या वाटीत साध्या पाण्याने धुतली, बेसिनवर कधीच धुवायची नाही, हातातून सटकली की गेली. मऊ सुती कापडाने टिपून तिच्या हातात दिली तर ती काही बोललीच नाही, नुसती खिडकीत हात फिरवत बसली.

महिन्यातून एक-दोनदा एवढंच पुरे. टूथपेस्ट नको, तिने सोन्यावर ओरखडे येतात. ब्लीच नको, आणि सोसायटीच्या स्विमिंग पूलमध्ये अंगठी घालून उतरू नका, क्लोरीनने सोन्यात मिसळलेल्या बाकीच्या धातूंवर परिणाम होतो आणि नखं तडकू शकतात, व्हाइट गोल्डला तर जास्तच. कणीक मळताना, भांडी घासताना काढा, पण ओट्यावर ठेवू नका, एका ठरलेल्या डबीतच ठेवा. ट्रान्स-हार्बरच्या लोकलमध्ये गर्दीत हँडल पकडून रोज उभे राहणार असाल तर अंगठी दुसऱ्या हातात घाला, त्या लोखंडावर घासून नखं झिजतात. व्हाइट गोल्ड वर्ष-दोन वर्षांत पिवळट वाटायला लागेल, वरचा रोडियम या पांढऱ्या धातूचा मुलामा उतरतो, परत चढवून मिळतो.

हीच पद्धत सगळ्या दागिन्यांना लावू नका मात्र. मोत्याच्या कुड्या, तन्मणी, नथ यांना साबणात बुडवणं नाही, नुसतं ओलसर मऊ कापड फिरवा, आणि अत्तर-परफ्यूम-स्प्रे सगळं आधी, मोती सगळ्यात शेवटी, कारण घाम आणि आंबट गोष्टींनी मोत्याचा वरचा थर खाल्ला जातो. आत लाख भरलेले दागिने गरम पाण्यात घातले तर लाख मऊ होते. कुंदनच्या सेटला पाणीच लावायचं नाही, खड्यामागे पातळ पत्रा असतो, तो काळा पडला की चमक गेली. पाचूला गरम पाणी आणि सराफाकडचं अल्ट्रासोनिक मशीन दोन्ही नको, त्याच्या भेगांत तेल भरलेलं असतं. दोऱ्यात ओवलेलं मंगळसूत्र वर्षातून एकदा गाठून घ्या, दोरा ओला राहून कुजतो. आणि सगळे दागिने एका डब्यात कोंबू नका, हिरा शेजारच्या सोन्यावर, मोत्यावर ओरखडे काढतो, प्रत्येकाला वेगळी मऊ पिशवी.

आणि तरीही खडा पडलाच तर केर काढायचा नाही. मी तेव्हा आधी केर काढला होता, ती चूक तुम्ही करू नका. पंखा बंद करा, पडदे ओढा, लाइट घालवा, आणि फोनचा टॉर्च जमिनीला टेकवून आडवा फिरवा, खडा कुठेही असला तरी अंधारात एकदम लुकलुकतो. मग परातीतली कणीक, नॅपकिनची घडी, बेसिनखालचा पाइपचा वाकडा भाग उघडून, वॉशिंग मशीनचं फिल्टर. मिळाला तर छोट्या झिपच्या पिशवीत टाका, अंगठीसोबत घेऊन जा. नाही मिळाला तर रिपोर्ट काढा, त्यावर खड्याचं मिलिमीटरमधलं माप लिहिलेलं असतं, तेवढं दाखवलं की सराफ त्याच घरात बसेल असा दुसरा खडा शोधून देतो.